टोळीतला नववा

आमच्या शाळेच्या स्काउट पथकात सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या रस्त्याने चाललेला माणूस म्हणजे आमचे स्काउटमास्तर. रस्ते त्यांना सगळे पाठ होते, हाच त्यातला विनोद. गिरगावातल्या खोताच्या वाडीतून परळच्या आमच्या शाळेपर्यंत ते रोज चालत येत. शेजारून ट्राम खडखडत गेली तरी तिच्याकडे बघत नसत. कुठल्या गल्लीतून कुठे निघता येतं हे त्यांना पोस्टमनपेक्षा नीट ठाऊक होतं. पण शनिवारी दुपारी अंगावर खाकी चढली की ते आपणहून आंधळे व्हायचे. टोळीनायक नेईल तिकडे जायचं. टोळीनायक म्हणजे आमच्यापैकीच एखादं चौदा-पंधरा वर्षांचं, नुकतं मिसरूड फुटलेलं कार्टं. त्याने डावीकडे वळवलं की सर डावीकडे वळत, मग डावीकडे गटार असो की कुणाची मोरी.

पथकात तीन टोळ्या होत्या, एकेकीत आठ पोरं. पुस्तकात टोळीला दुसरं काही भारदस्त नाव होतं, पण सर टोळीच म्हणत. दर महिन्याला ते एका टोळीत सामील होत, आणि तेही देखरेख करायला नव्हे, टोळीतला नववा म्हणून. रांगेत मोजणी सुरू झाली की आठव्या पोराने ‘आठ’ म्हटल्यावर मागून पन्नाशीच्या माणसाचा घोगरा आवाज यायचा, ‘नऊ’. पातेली घासायच्या पाळीत नवव्याचीही पाळी असे. एकदा आमच्या टोळीच्या तेव्हाच्या टारगट नायकाने मुद्दाम सलग तीन आठवडे सरांना पातेली दिली. सरांनी तिन्ही वेळा ती राखेने लखलखीत घासली आणि वर विचारलं, “नायक, अजून काही आहे?” चौथ्या आठवड्याला त्या टारगटाने स्वतःच पातेली घेतली.

हे सगळं वेडेपणाने चाललं नव्हतं, त्यामागे त्यांचं शास्त्र होतं. शाळेत ते भूमिती शिकवत, आणि भूमितीसारखंच हेही त्यांनी कुठेतरी सिद्ध करून ठेवलं होतं. ते म्हणत, पुढारी व्हायला शिकायचं तर हुकूम देता आला पाहिजे. हुकूम द्यायचा तर तो मानणारी माणसं पाहिजेत. आणि मानणाऱ्यांत एक तरी असा पाहिजे की ज्याच्यासमोर चुकीचा हुकूम द्यायची नायकाला लाज वाटेल. तो एक म्हणजे ते स्वतः. बाकीच्या शाळांत स्काउटमास्तर पुढे उभे राहून ओरडत आणि पोरं मागे उभी राहून ऐकत. आमच्याकडे सर मागे उभे राहत आणि ओरडायचं काम आमच्यावर येई. ते काम वाटतं तितकं सोपं नव्हतं.

त्यांच्या गळ्यात पांढऱ्या दोरीला एक शिट्टी असायची. ती वाजत नसे. आतली गोटी त्यांनी काढून टाकली होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “ठेवली तर फुंकायचा मोह होतो.” पाय काटकुळे, खाकी अर्धी चड्डी दोन माणसांची, डोक्यावर रुंद काठाची हॅट. परळ नाक्यावरून ते चालले की गिरणीतून सुटलेले कामगार बिडी ओढता ओढता थांबून बघत. लग्न केलेलं नव्हतं. खोताच्या वाडीत एका ख्रिस्ती म्हातारीच्या लाकडी घरात वरची खोली घेऊन ते राहत. ती म्हातारी त्यांना मास्तर म्हणे आणि रविवारी आपल्याबरोबर जेवायला बसवी.

मूळचे ते बेळगावकडचे. आई तिकडे एका खेड्यात होती आणि दर पंधरवड्याला तिचं पोस्टकार्ड येई. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमची अख्खी लालबाग-परळ घोषणांनी दुमदुमत होती. आम्ही पोरं तर झोपेतही ‘झालाच पाहिजे’ म्हणत असू. सर मात्र घोषणा देत नसत. आम्हाला वाटे, ह्यांना काही पडलेली नाही. मग एकदा भूमितीच्या वहीत त्यांच्या आईचं कार्ड चुकून माझ्याकडे आलं. त्यात एकच विचारलं होतं, आपलं गाव कुठे जाणार, काही कळलं का. पुढे काही वर्षांनी राज्य झालं. मुंबईत रोषणाई झाली, आणि त्यांचं गाव पलीकडेच राहिलं. त्या दिवशी सरांनी पथकाला पेढे वाटले, शाळा सोडलेल्या आम्हा जुन्या पोरांनाही बोलावून. स्वतः एकही खाल्ला नाही, असं सुदाम म्हणतो. मी पाहिलं नाही, मी पेढे खाण्यात गुंग होतो.

सुदामबद्दल सांगायलाच हवं. तो आमच्या टोळीतला, नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा. पुढे छप्पन साली त्याच्या घरातले देव उतरले आणि भिंतीवर बुद्धाचं चित्र लागलं, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे. भांडुपच्या बाजूला एका बागेत आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं आणि स्वयंपाकाची पाळी सुदामची आली. निघताना आईने मला मोरीपाशी गाठून बजावलं होतं, “कोणाच्याय हातचा खाव नको हां.” मी आज्ञाधारक मुलगा. जेवायच्या वेळेला माझं पोट दुखायला लागलं.

सर म्हणाले, “मग उपास कर. मीही करतो, तुला सोबत.”

त्यांनी मला नेऊन चुलीच्या समोर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. आमटीचा वास सरळ आमच्या नाकात. बाकीची पोरं भुरके मारत होती. सर शांतपणे गवताच्या काड्या मोडत होते. चार वाजेपर्यंत मी टिकलो.

“सर, पोट थांबलं.”

“तुझं थांबलं. माझं अजून जोरात आहे,” सर म्हणाले, “सुदामला विचार, दोन ताटं उरलीत का.”

सुदामने दोन ताटं झाकून ठेवली होती. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. ते मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

मी टोळीनायक झालो त्याच्या पहिल्याच महिन्यात मी सरांना चिखलात घातलं. माटुंग्याहून निघून शीवच्या किल्ल्यावर जायचं होतं. नकाशा माझ्या हातात. तो मी आडवा धरला होता आणि आडवाच वाचत होतो. नायक रांगेच्या शेवटी चालतो, असा सरांचा दंडक होता. पुढून फक्त रस्ता दिसतो, कोण लंगडतंय ते मागूनच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या रांगेच्या शेवटी मी आणि माझ्या एक पाऊल पुढे, निमूटपणे, नववे म्हणून सर. किल्ला येईना. घरं संपली, रस्ता संपला, आणि आम्ही वडाळ्याच्या मिठागरात पोचलो. पुढची हलकी पोरं वरच्यावर निघून गेली, पहिला पाय रुतला तो सरांचाच, पार गुडघ्यापर्यंत.

“सर, हा किल्ल्याचा रस्ता नाही वाटतं,” मी म्हणालो.

“नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“माटुंग्याच्या बाजारापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी पाय उपसून काढला. बूट आतच राहिला होता, तो हात घालून काढला. “तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नायकाने विचारलं म्हणून त्याची नायकी कमी होत नाही.”

घरी माझे कपडे बघून आई म्हणाली, “ह्यो मास्तर शिकवता काय चिखलात लोळवता?” मी म्हटलं, दोन्ही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची मला अजून हौस नाही, पण सरांचं काही सांगायचं आणि ती टाळायची म्हणजे चोरी होईल.

ते चळवळीतल्या गोळीबाराचे दिवस होते. गिरण्या बंद, शाळा बंद, रस्त्यावर दगडांचा सडा. आमच्या चाळीतले बाळाकाका, गिरणीत साच्यावरचे, म्हणजे मागावरचे कामगार, सकाळी गॅलरीत नुसते दात घासत उभे होते. गोळी त्यांच्या मांडीतून आरपार गेली. त्यांना खाटेवर घालून खाली नेताना खाटेचा एक पाय माझ्या हातात होता. त्यांच्या हातातली राखुंडी सगळीकडे सांडली होती आणि ते सारखं म्हणत होते, “मी काय केलंय? मी काय केलंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची टोळी चाळीच्या फाटकात जमली. आठही जण खाकीत. कुणी बोलावलं नव्हतं. थोड्या वेळाने सर आले, गिरगावाहून, चालत. वाटेत किती ठिकाणी त्यांना अडवलं असेल देव जाणे. तो महिना आमच्या टोळीचा होता. ते रांगेच्या टोकाला उभे राहिले. पोरांना मोर्चात जायचं होतं, पथकाचं निशाण घेऊन. मलाही. पण मिठागराची आठवण होती म्हणून मी विचारलं, “सर, तुम्हाला काय वाटतं?”

“मोर्चात जायचं तर घरचे कपडे घालून जा, मी अडवणारा कोण,” ते म्हणाले. “पण खाकी घालायची असेल तर पाणी आणि पट्टी. पडेल त्याला.”

मी ठरवलं, पाणी आणि पट्टी. चाळीतल्या बायकांनी हंडे भरून दिले, जुनी लुगडी फाडून पट्ट्या दिल्या. लालबागच्या रस्त्याला लागून असलेल्या फाटकात आम्ही दवाखाना मांडला. अश्रुधुराने डोळे सुजलेली माणसं येत, आम्ही ओली फडकी देत होतो. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात. सुदामचा हात पट्टी बांधायला फार हलका. तो बांधत होता, मी माणसं लावून देत होतो, सर हंडे वाहत होते. दोन तास असे गेले की मला वाटलं, आपण जन्मभर हेच करावं. सर रिकामा हंडा घेऊन जवळून जाताना नुसते माझ्याकडे बघून गेले. त्यांनी कुणाला शाबासकी दिली तर ती तेवढीच असायची.

मग तो पोलीस आला. निळी अर्धी चड्डी, डोक्यावरची पिवळी टोपी गेलेली, कपाळापासून गळ्यापर्यंत रक्त. तो आपल्या तुकडीपासून चुकला होता. भिंत धरत धरत तो आमच्या फाटकाशी आला आणि खाली बसला. वय फार तर बावीस-तेवीस. “पाणी दे रे बाबा,” म्हणाला. बोलण्यावरून आमच्याच कोकणातला.

रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, “कालच्या गोळ्या ह्यांनीच घातल्या.” सुदामने पट्टीची गुंडाळी हातात घेतली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे बाळाकाकांची राखुंडी होती.

मी म्हणालो, “ह्याला बांधायचं नाही. पाणीसुद्धा नाही.”

सुदामने गुंडाळी खाली ठेवली. सर हंडा घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि माझ्यासमोर आले.

“नायक, हे मत आहे की हुकूम?”

मला माघार घेता आली असती. त्यांनी दार उघडून धरलं होतं, हे मला आज कळतं. रस्त्यावरची सगळी माणसं ऐकत होती. मी म्हणालो, “हुकूम.”

“ठीक.”

त्यांनी हॅट काढली. गळ्यातला स्कार्फ सोडला. मग खाकी सदऱ्याची बटणं एकेक करून काढली, सदरा काढून त्याची शाळेत शिकवतात तशी घडी घातली, आणि तिन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या. “खाकीत राहून नायकाचा हुकूम मोडता येत नाही. मी टोळीतून बाहेर पडलो. आता बाहेरचा माणूस म्हणून मागतो, एक पट्टी मिळेल?”

मी हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिलो. त्यांनी अंगातली बनियन काढली आणि दातांनी फाडली. त्या गर्दीत, त्या ढगळ अर्ध्या चड्डीत, उघड्या अंगाने ते त्या पोलिसाजवळ गेले आणि त्याचं डोकं बांधू लागले. कुणी ‘गद्दार’ म्हणालं, कुणी आणखी वाईट बोललं. ज्यांची आई बेळगावच्या खेड्यात कार्डाची वाट बघत होती त्यांना ‘मराठी माणसाचा वैरी’ म्हणून झालं. मग दगड आले, तीन-चार. सर खाली वाकले, मला वाटलं पट्टी आवळायला. थोड्या वेळाने त्यांनी पोलिसाला खांद्याचा आधार देऊन उठवलं आणि दोघं चिंचपोकळीच्या दिशेने गेले. पाठमोरे दिसत होते तोवर मी बघत होतो; सरांच्या पाठीवर रक्त होतं, ते त्या पोलिसाचंच असं मी धरलं. माझ्या हातात त्यांचा सदरा होता.

त्या दिवशी चाळीत मी हिरो झालो. लोकांनी पाठ थोपटली. एकाने मला खांद्यावरही घेतलं. घरी आईने तो सदरा धुतला, कांजी घालून इस्त्री केली आणि ट्रंकेत ठेवला.

शाळा सुरू झाली. सर भूमिती शिकवायला आले, पण शनिवारी आले नाहीत. हेडमास्तरांना बरंच वाटलं असावं, नसती ब्याद टळली. पथक त्यांनी कवायतीच्या मास्तरांकडे दिलं. त्यांच्या शिट्टीत गोटी होती. पोरं सरांकडे गेली, रडली, पाया पडली. सर म्हणाले, “मी टोळीत नाही. टोळीत नसलेल्या माणसाने पथक कसं चालवायचं?” मला ते वर्गात पूर्वीसारखंच प्रश्न विचारत, चुकलो तर पूर्वीसारखंच फळ्याशी बोलवत. एका शब्दाने राग दाखवला असता तर माझं सोपं झालं असतं. मीही त्यांच्यावर रागावून मोकळा झालो असतो.

असे पाच महिने. मी मनातल्या मनात रोज वाद घालत होतो आणि रोज जिंकत होतो. बाळाकाकांचा पाय कायमचा अधू झाला होता, तो माझा पुरावा होता. माझं चुकलं असं मला मान्यच नव्हतं. आणि जरा मान्य झालंच, तर चाळीत कुठल्या तोंडाने सांगू, ही भीती होती. खरं सांगायचं तर भीतीच जास्त होती.

सुदाम मला सरांबद्दल काही बोलत नसे. एका शनिवारी कवायत संपल्यावर आम्ही नळावर पाय धूत होतो. तो पायाकडे बघतच म्हणाला, “तुला एक सांगू? रागावशील.”

“सांग ना.”

“पट्टी माझ्या हातात होती. मी बांधणार होतो त्याला. तू नाही म्हणालास म्हणून ठेवली.” तो थांबला. “सरांनी तुझं नाही ऐकलं, ते सुटले रे. मी ऐकलं. मला अजून तो माणूस भिंतीला टेकलेला दिसतो. पाणी मागत होता.”

मी नळ बंद केला.

“तुझ्या जागी मी असतो तर मीपण तेच बोललो असतो कदाचित,” सुदाम म्हणाला. “पण मी तुझ्या जागी नव्हतो ना. मी माझ्या जागी होतो.”

माझ्या सगळ्या वादात हा मुद्दा कधी आलाच नव्हता. मी दिलेला हुकूम माझ्यापुरता होता असं मी धरून चाललो होतो. तो सात पोरांनी पाळला होता आणि पाळून घरी नेला होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी ट्रंकेतून सदरा, स्कार्फ आणि हॅट काढली आणि खोताच्या वाडीत गेलो. घरमालकीण दारातच मासे साफ करत होती. “मास्तर वरती हाय,” म्हणाली, आणि माझ्या हातातली हॅट बघून सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. वर सर खिडकीशी बसून आईला पत्र लिहीत होते. मी तिन्ही वस्तू त्यांच्या खाटेवर ठेवल्या आणि उभ्याउभ्याच म्हणालो, “सर, माझा हुकूम चुकला.”

त्यांनी लेखणी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पण बोलले ते नेहमीसारखंच.

“मला सांगून काय होणार? हुकूम टोळीला दिला होतास.”

“त्यांनाही सांगतो.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“मग सांग,” सर म्हणाले, आणि पत्राकडे वळले. थोड्या वेळाने मान वर न करता त्यांनी विचारलं, “जेवून जाशील? आज रविवार आहे. म्हातारीच्या हातची मासळी.” मी जेवलो. म्हातारी दोनदा डोळे पुसत आत जाऊन आली.

पुढच्या शनिवारी मी आमच्या टोळीसमोर उभा राहिलो. बाकीच्या दोन टोळ्याही ऐकत होत्या, कवायतीचे मास्तरही. पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, की त्या दिवशी पोलिसाला पाणी द्यायचं नाही असा हुकूम मी दिला, तो चुकीचा होता, मी रागात होतो आणि लोक बघत होते म्हणून मागे घेतला नाही. ज्यांनी तो पाळला त्यांची चूक नाही, ती माझी आहे. म्हणताना मी सुदामकडे बघत होतो. तो खाली बघत होता. मग त्याने एकदाच मान हलवली.

फाटकाशी सर उभे होते. कधी आले ते कळलं नाही. घडी केलेला सदरा आणि स्कार्फ हातात, अंगात साधा कुडता. ते चालत माझ्यापर्यंत आले आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

“टोळीत यायचं आहे,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही आहातच…”

“नाही. बाहेर पडलेला माणूस परत येतो तो नवा म्हणून येतो. नव्या मुलाला वचन घ्यावं लागतं, आणि ते नायक देतो.”

कवायतीचे मास्तर पुढे होऊन काही बोलणार होते. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपली शिट्टी खिशात घातली आणि दोन पावलं मागे गेले. सरांनी कुडत्यावरच सदरा चढवला आणि उजव्या हाताची तीन बोटं वर केली. मी एकेक ओळ सांगत गेलो आणि पन्नाशीचा तो माणूस माझ्यामागून एकेक ओळ म्हणत गेला, पहिल्यांदा म्हणतात तशी, कुठेही घाई न करता. कुणी हसलं नाही. अख्खं पथक इतकं गप्प मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

वचन झालं की नायकाने नव्याच्या गळ्यात स्कार्फ बांधायचा. सर उंच, माझा हात पुरेना. ते वाकले, मान खाली घालून. तेव्हा मला दिसलं. मानेच्या मागे, केसांच्या कडेला, बोटभर लांब वण होता, टाके घातल्याच्या खुणांसकट. शाळेत ते बंद गळ्याचा कोट घालत, म्हणून पाच महिन्यांत आमच्यापैकी कुणालाही तो दिसला नव्हता. त्या दिवशी ते पट्टी आवळायला वाकले नव्हते.

मी दोन्ही हातांत स्कार्फ धरून तसाच उभा राहिलो.

“बांधा, नायक,” सर वाकल्यावाकल्या हळूच म्हणाले, “आता दुखत नाही.”

डोळ्यांतल्या पाण्याने मला काही दिसत नव्हतं. हातानेच चाचपून मी गाठ बांधली.